पाखाडी, पाणंद आणि गल्ला : चालायच्या वाटांमुळे कोकणातल्या छोट्या गावांना खरंच पैसे मिळतात का? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या वाडीपासून खाडीच्या धक्क्यापर्यंत जाणारी जुनी पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची पायवाट, आम्ही काही जणांनी मिळून चालणाऱ्या पाहुण्यांसाठी मोकळी केली (अशा वाटेला हल्ली ट्रेल म्हणतात) त्याला आता तीन हंगाम झाले. तेव्हापासून शेजारच्या गावांतून, मुंबईच्या मंडळातून, कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्यावर सुद्धा तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवून दमलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी काही अर्थतज्ज्ञ नाही, माझं वाडीच्या तिठ्यावर किराण्याचं दुकान आहे, पण गल्ल्यात काय पडतं आणि का पडतं एवढं कळतं.

ट्रेल ट्रेल म्हणताय ते नक्की काय? आमच्याकडे तर साध्या पायवाटा आहेत.

त्याच. चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) पाणंद, वहाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) जाणारी गुरांची वाट, किनाऱ्याने पुळणीतून जाणारी वाट, आणि वरती देशावर चढणाऱ्या घाटवाटा. आपल्या आजोबांच्या काळात मीठ नि सुकी मासळी याच वाटांनी वर जायची आणि धान्य खाली यायचं. मग डांबरी रस्ता आला, एसटी आली, घरोघरी बाईक आली आणि पाखाड्यांवर रान माजलं. म्हणजे नवीन काही बांधायचं नाहीये, आहे ते मोकळं करायचंय. गणपतीपुळ्याला डोंगराला प्रदक्षिणा घालायची वाट आहे ना, ती पण ट्रेलच की, फक्त तिथे कुणी तो शब्द वापरत नाही.

चालणारे लोक काय खर्च करणार? ते तर बॅगेत डबा आणि पाण्याची बाटली घेऊन येतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारलाय आणि पहिल्या वर्षी मी पण असंच म्हणायचो. मग एक शनिवार सांगतो.

सकाळी साडेनऊला दुकानासमोर एक मोठी गाडी थांबली, एसी चालूच, काच अर्धी खाली, "दादा बीचला रस्ता कुठून?" मी सांगितलं, दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्या, चाळीस रुपये, गेले. दिवसभरात अशा आठ-दहा गाड्या जातात. दुपारी बारा वाजता पाखाडीवरून सहा जण उतरले, घामाने निथळत, दोघींच्या चपला तुटायच्या बेतात. ओट्यावर बसले ते तासभर उठेचनात. आधी पाणी, मग सरबत, मग "काही खायला मिळेल का". शेजारच्या काकी खळ्यात वाल वाळत घालत होत्या, त्या म्हणाल्या, "घावणे घालते, वाईच बसा." घावणे, नारळाची चटणी, चहा झाला. मग त्यांच्यातल्या एकाला कोकमाचं आगळ हवं होतं, एकीला आंबापोळी, माझ्याकडून एक रबरी चपलेचा जोड गेला, आणि संध्याकाळी त्यांना स्टेशनला सोडायला वाडीतली रिक्षा गेली.

फरक कळला ना? गाडीवाला श्रीमंत असेल, पण तो थांबत नाही. त्याचा डिझेलचा पैसा पंपावर जातो, जेवणाचा हायवेच्या हॉटेलात आणि राहण्याचा ऑनलाइन बुकिंगवर, आपल्याकडे फक्त त्याची धूळ राहते. चालणारा दमतो, भुकेला होतो, त्याला सावली लागते, संडास लागतो, आणि तीन-चार किलोमीटरच्या पलीकडे जाऊन काही विकत घ्यायची त्याची ताकदच नसते. तो जिथे दमेल तिथलंच खाणार. म्हणून मी म्हणतो की वाट किती सुंदर आहे यापेक्षा माणूस नेमका कुठे दमतो ते आधी बघा आणि तिथे बाकडं टाका.

हे सगळं ठीक, पण आकड्यात सांगा.

आकडे माझे घरगुती आहेत, समजा म्हणूनच घ्या. सहा जणांचा ग्रुप, नाश्ता माणशी ८० म्हणजे ४८०, दुपारची माशाची थाळी माणशी २०० म्हणजे १२००, एक रात्र पडवीत गादी नि पंखा माणशी ५०० म्हणजे ३०००, रिक्षा ३००, जाताना कोकम-आंबापोळी ३००. झाले ५२८०. हंगामात असे वीस ग्रुप आले तर एक लाख पाच हजार सहाशे. आता हे पाच घरांत विभागा, म्हणजे घरटी एकवीस हजारांच्या आसपास, त्यातून तेल, गॅस, वीज वजा करा.

याने कुणी बंगला बांधणार नाही. पण आंब्याचं वर्ष वाईट गेलं की हेच पैसे पोरांच्या फीला आणि घर शाकारायला येतात. जो कुणी तुम्हाला "ट्रेल करा, गावाचा कायापालट होईल" असं सांगत असेल त्याच्यापासून चार हात लांबच राहा. हा जोडधंदा आहे, कोंबड्या पाळण्यासारखा. नीट सांभाळला तर रोज अंडं देतो.

जगात कुठे याने खरंच फरक पडलाय का, की नुसती थिअरी?

पडलाय, आणि मजा म्हणजे मोठ्या शहरांपेक्षा उतरती कळा लागलेल्या छोट्या गावांत जास्त. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलंड अशी साधारण २४० किलोमीटरची ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज नावाची वाट आहे, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली. कोळसा नि पोलादाच्या जोरावर जगलेली गावं, खाणी-कारखाने गेल्यावर ओस पडत चाललेली. वाटेचा पहिला तुकडा १९८६ ला सुरू झाला आणि अख्खी वाट पुरी व्हायला २०१३ उजाडलं, म्हणजे सत्तावीस वर्षं, हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे लोक सहा महिन्यांत विचारतात की रिझल्ट काय. तिथे २००७ पासून 'ट्रेल टाऊन' म्हणून खास उपक्रम चालवला, वाटेवरून गावाच्या बाजारपेठेकडे पाट्या, सायकल लावायला जागा, राहायच्या सोयी, दुकानदारांना मदत. २०१९ सालच्या उलाढालीचा अभ्यास झाला तेव्हा आकडा १२ कोटी डॉलरच्या वर निघाला.

मिझुरीतली केटी ट्रेल पण तशीच जुन्या रेल्वेची, साधारण ३८५ किलोमीटर, तिथल्या २०१२ च्या अहवालात वर्षाला जवळपास चार लाख लोक आणि १ कोटी ८५ लाख डॉलरचा परिणाम असा हिशोब आहे. न्यूझीलंडमध्ये ओटागो भागात १९९० ला रेल्वे बंद झाली आणि २००० साली त्याच मार्गावर १५२ किलोमीटरची सायकलची वाट सुरू झाली, लोक तीन-चार दिवस घेऊन ती करतात, म्हणजे दोन-तीन रात्री कुठेतरी राहावंच लागतं. ओटागोचं खरं भांडवल ह्या दोन-तीन रात्री आहेत. एका दिवसात संपणारी वाट चहा विकते, तीन दिवसांची वाट खोल्या भरते.

पण आंधळेपणाने नक्कल करू नका. त्या वाटा रेल्वेच्या म्हणून सपाट आहेत, सात वर्षांचं पोर आणि सत्तर वर्षांची आजी दोघं जातात. आपली पाखाडी गुडघे काढते. आपल्याकडे रेल्वे बंद पडलेली नाही, उलट ती चालू आहे हाच आपला फायदा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आपल्या कोकणात असं काही झालेलं आहे का?

चालायची वाट म्हणून नाही, पण तत्त्व तेच असलेलं उत्तम उदाहरण म्हणजे मंडणगड तालुक्यातलं वेळास, नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं काम केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे माणसाला मुक्काम करावाच लागतो, आणि मोठी हॉटेलं नाहीत म्हणून तो गावातल्या घरातच करावा लागतो. पिल्लं कधी बाहेर येतील ते कुणाच्या हातात नाही, एका वेळेला दिसली नाहीत तर लोक अजून एक रात्र थांबतात. कासवांनी गावाला हॉटेल मॅनेजमेंट शिकवली म्हणा ना!

दुसरं म्हणजे कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती बघितला नसेल तर बघा, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, कातळावर कोरलेला, आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी वगैरे ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही सगळी सड्यावर आहेत, सडा चालायलाच असतो, आणि गावकऱ्याशिवाय ती सापडत नाहीत. सकाळी जा, दुपारी सड्यावर उभं राहवत नाही.

तिसरं, जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. आता गर्दी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण सध्या काय होतं, माणूस हर्णैला येतो, होडीने सुवर्णदुर्ग बघतो, फोटो काढतो, संध्याकाळच्या लिलावात पापलेट बघतो नि परत. तोच जर हर्णैहून आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला, तिथून आडे करत केळशीला चालत गेला तर दोन रात्री ह्याच पट्ट्यात पडतील. वाटा आहेत, फक्त त्या कुणी ओळीत गुंफलेल्या नाहीत.

आणि सायकलवाले विसरू नका. सागरी मार्गाने अलिबागकडून गोव्याकडे जाणाऱ्या सायकलींचे जथ्थे थंडीत दिसतात, दिघी, बागमांडला, दाभोळ, जयगड करत फेरीबोटीने खाड्या ओलांडतात. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ ला सुरू झाली. बोटीची वाट बघत अर्धा तास थांबणाऱ्या माणसाला भजी विकता येतात. खाड्यांवर मोठे पूल झाले की हा अर्धा तास जाईल, त्याचा विचार धक्क्यावरच्या टपरीवाल्यांनी आत्ताच केलेला बरा.

पैसा गावात राहतो की बाहेरचा एजंट घेऊन जातो?

दोन्ही होऊ शकतं, ते तुम्ही ठरवायचं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी शहरातला एक टूरवाला आला, नाव नको, त्याने पंचवीस माणसं आणली, बरोबर त्याचाच आचारी, त्याचीच भांडी, त्याचेच तंबू. देवळासमोरच्या पटांगणात दोन रात्री राहिले, जाताना देवाला एकशे एक रुपये ठेवले आणि पाठीमागे पत्रावळींचा ढीग. माणशी त्याने काय घेतले ते मला नंतर त्यातल्याच एका मुलाकडून कळलं आणि घास घशाखाली उतरेना.

त्यावर वाडीने बसून एकच नियम केला, जेवण आणि वाटाड्या वाडीतलाच. बाकी तुमची जाहिरात तुम्ही करा, तुमचं कमिशन तुम्ही घ्या. तो टूरवाला पुन्हा आला नाही, पण दुसरे दोघे आले आणि ते गुण्यागोविंदाने चाललेत.

गावात पैसा किती टिकतो हे ताटात काय आहे त्यावरून पण ठरतं. ताटात तालुक्याच्या बाजारातलं पनीर असेल तर तो पैसा संध्याकाळच्या एसटीने परत गेला. ताटात परसातली अळूची भाजी, कुळथाची पिठी, खाडीतल्या कोळणीकडचे मासे, घरचा तांदूळ नि सोलकढी असेल तर तोच रुपया कोळणीकडे, तिच्याकडून माझ्या दुकानात, माझ्याकडून रिक्षावाल्याकडे असा वाडीत तीन फेऱ्या मारतो. आणि खरं सांगू का, पाहुण्यांना पनीर नकोच असतं, आपल्यालाच वाटतं की ते द्यायला हवं.

वाट ज्या जमिनीतून जाते ती जमीन कुणाची? सात-बाऱ्यावर तर तीस नावं आहेत.

बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. कोकणात जमीन सामायिक, अर्धे हिस्सेदार मुंबईत, काही वारलेत पण सात-बाऱ्यावर जिवंत आहेत, आणि एकाने हो म्हटलं की दुसऱ्याला वाटतं याला काहीतरी मिळत असणार.

पहिलं काम म्हणजे गाव नकाशा काढा. त्यात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग आणि दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. तुमची पाखाडी नकाशावर असेल तर अर्धं भांडण तिथेच मिटतं. आमची होती, फक्त एका ठिकाणी लोक जिथून चालत होते आणि रेषा जिथे होती त्यात दहा-बारा हातांचा फरक निघाला, त्यावरून चार महिने गेले.

जुनी वहिवाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ चा आहे तो, त्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पण माझा सल्ला विचाराल तर कागद शेवटी, आधी चहा. आम्ही गणपतीत केलं, कारण तेव्हा सगळे चाकरमानी गावात असतात. आरती झाल्यावर एकेका घरी जाऊन बसलो. एक काका अडून बसले होते, त्यांचं म्हणणं एवढंच की माझ्या वडिलांनी बांधलेला गडगा पाडायचा नाही. पाडायचाच नव्हता हो! त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, त्याचा राग होता. आता त्यांच्याच गडग्याला बेडं (छोटं फाटक) बसवलंय आणि पाहुणे गेल्यावर ते लावून घ्यायचं असं त्यांनी स्वतःच्या हाताने पाटीवर लिहिलंय.

देवराईतून वाट जात असेल तर गुरव आणि मानकऱ्यांना आधी विचारा. ते नाही म्हणाले तर वळसा घाला, वाद घालू नका.

खर्च किती येतो आणि तो कोण करणार?

तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी, पण दरवर्षी. पहिल्यांदा साफ करायला उत्साह असतो, फोटो निघतात, बातमी येते. पावसाळा संपला की वाट पुन्हा गायब, गवत छातीएवढं. खरा खर्च हा गवताचा आहे.

आम्ही एक चलाखी केली. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, तिच्यासाठी वाटा साफ करायची पद्धत पूर्वापार आहेच, ते श्रमदान कुणी टाळत नाही, देवाचं काम. पालखीचा मार्ग आणि आमची पाखाडी जिथे एकत्र येतात तेवढा भाग फुकटात होतो. उरलेल्या भागाला दसऱ्याच्या सुमारास ग्रासकटर लावतो, दोन माणसं दोन दिवस. पाट्या आम्ही कौलांवर रंगवल्या, जुन्या घरांची कौलं पडून होतीच. छान दिसतात, गंजत नाहीत आणि चोरीला गेली तर वाईट वाटत नाही.

साकव दुरुस्ती, संरक्षक भिंत असलं काही असेल तर मात्र ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालून घ्या, वर्गणीत ते बसत नाही. आणि कृपा करून पाखाडीवर सिमेंट ओतू नका. चिरा पाणी पितो, सिमेंटवर शेवाळ धरतं आणि पहिल्याच पावसात कुणीतरी कंबर मोडून घेतो. काँक्रीटच्या पाखाडीवरून चालायला पुण्याहून कोण येणार आहे?

लोक येणार कसे? आमच्याकडे तर दिवसाला दोनच एसटी.

हे बघा, चालणाऱ्याची अडचण गाडीवाल्याच्या उलट असते. तो एका गावात सुरू करतो आणि दुसऱ्या गावात संपवतो, त्यामुळे स्वतःची गाडी त्याला लोढणं वाटते. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण सुरू आहे, ७४१ किलोमीटर, आणि तिची छोटी स्टेशनं ही चालणाऱ्यांसाठी सोन्यासारखी जागा आहे. उक्षीला उतरून सड्यावर जाता येतं. खेडला उतरून रसाळगड-सुमारगड-महिपतगड असा दोन-तीन दिवसांचा ट्रेक लोक वर्षानुवर्षं करतायत.

एसटीचं वेळापत्रक कागदावर लिहून दुकानात चिकटवा. एवढं साधं काम कुणी करत नाही. वस्तीची गाडी किती वाजता येते, सकाळी किती वाजता सुटते, चुकली तर रिक्षा कुणाची आणि भाडं किती, हे ठरलेलं असलं की माणूस निर्धास्त येतो. रिक्षाभाडं ठरवून लिहिलं नाही तर पहिल्याच महिन्यात भांडण होतं, आमच्याकडे झालं.

राहायची सोय करायला काय लागतं? होमस्टे म्हणजे खूप खर्च ना?

संडास. बाकी सगळं नंतर. स्वच्छ, आतून कडी लागणारा, बादलीत पाणी असलेला आणि दिवा असलेला संडास-बाथरूम. मी असे होमस्टे बघितलेत जिथे खोलीत एसी लावलाय आणि बाथरूमच्या दाराला कडीच्या जागी दगड. मच्छरदाणी, धुतलेली चादर, चार्जिंगला दोन पॉइंट, बस. चालून आलेला माणूस नऊ वाजता झोपतो हो, त्याला टीव्ही नको असतो.

परवानगीचं म्हणाल तर राज्याच्या पर्यटन विभागाची न्याहारी निवास योजना आहे, स्वतःच्या राहत्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्यासाठी, आणि बागायत-शेती असेल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. नोंदणी करून घ्या, पाहुण्यांची आयडी वहीत लिहा, पोलीस पाटलाला माहिती द्या. पैसे घरातल्या बाईच्या खात्यावर घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. राबते ती, घावणे घालते ती, आणि क्यूआर कोड मात्र नवऱ्याचा. आमच्या काकींनी स्वतःचा कोड लावल्यापासून त्यांच्या घावण्यांचा साइज पण वाढलाय, हे मी चेष्टेत सांगत नाहीये.

पावसाळ्यात काय? चार महिने बंदच ना?

जून-जुलै तसा बंदच समजा. किनाऱ्याला मासेमारी बंदी, ताजे मासे कमी, वहाळ भरलेले, पाखाडी निसरडी. धबधबे बघायला लोक येतात पण त्यांना आवरणं हा वेगळाच ताप आहे, साकवावरून पाणी जात असताना कुणालाही सोडू नका, पाहुणा कितीही चिडला तरी. ऑगस्टच्या शेवटापासून सड्यांवर फुलं येतात, तेव्हा सावधपणे वाट सुरू करता येते. खरा हंगाम दिवाळी ते शिमगा. एप्रिल-मे ला गर्दी असते पण ती गाडीवाल्यांची, उन्हात चालणारे थोडेच, त्यांना सकाळी साडेसहाला काढा आणि दहाच्या आत सावलीत आणा.

सगळं एका वाटेवर अवलंबून ठेवणं धोक्याचं नाही का?

आहेच. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये डमॅस्कस म्हणून हजारभर वस्तीचंही नसेल असं गाव आहे, तिथे अ‍ॅपलेशियन ट्रेल बाजारपेठेतूनच जाते आणि व्हर्जिनिया क्रीपर नावाची ५५ किलोमीटरची सायकलची वाट पण. १९८७ पासून दर मे महिन्यात तिथे चालणाऱ्यांची जत्रा भरते. सायकली भाड्याने देणं आणि लोकांना वर सोडणं यावर कितीतरी घरं चालायची. सप्टेंबर २०२४ ला हेलीन चक्रीवादळ आलं आणि गावापासून वर जाणाऱ्या निम्म्या वाटेवरचे पूल पुराने वाहून गेले. धंदा एका रात्रीत बसला.

आपल्याला हे वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी श्रीवर्धन-दापोली-मंडणगडात बघितलंय, तीस-चाळीस वर्षांच्या पोफळी काडीसारख्या मोडताना, त्यांना माहितीये. पुढच्याच वर्षी तौक्ते. म्हणून आंबा, काजू, भात, मासे सोडून कुणी यात उडी मारू नये. शेती आहे म्हणून तर चालणारा येतो, तीच सोडली तर तो बघणार काय, तुमचं रिकामं आगर?

कचरा, दारू, धिंगाणा याचं काय?

चालत येणारे तुलनेने बरे. दारूच्या बाटल्या पाठीवर घेऊन पाखाडी चढायला जोर लागतो. तरी त्रास होतोच. आमच्याकडे सगळ्यात मोठी तक्रार कचऱ्याची नव्हती, ड्रोनची होती. वहाळावर बायका कपडे धुवायला, अंघोळीला जातात, तिथे वर भुणभुण करत कॅमेरा आला. त्या दिवशी पोरांनी दगडच उचलले होते. आता वाडीत ड्रोन बंद, आणि वाटेवरून वहाळाची ती कोंड (डोह) दिसणार नाही अशी वाट वळवून घेतलीय. ही गोष्ट आम्ही पुरुषांनी वाट आखताना बायकांना विचारलं असतं तर आधीच कळली असती.

जमिनीचे भाव हा दुसरा त्रास. दोन ग्रुप आले की तिसऱ्या महिन्यात एजंट येतो आणि विचारतो सी फेसिंग काही आहे का. विकायचं की नाही तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण विकताना वहिवाट खरेदीखतात लिहून घ्या, नाहीतर नवा मालक पहिलं काम करतो ते तारेचं कुंपण, आणि तुमची वाट तिथेच संपते.

फायदा होतोय की नाही हे मोजायचं कसं?

दोनशे पानी वही. तारीख, किती माणसं, कुठून आली, राहिली का, काय खाल्लं, किती झाले. आमच्यात पाच घरांच्या पाच वह्या आहेत आणि होळीनंतर एकत्र बसून बेरीज करतो. त्यातून कळलं की रविवारी संध्याकाळी येणाऱ्यांपेक्षा शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येणारे दुप्पट खर्च करतात, आणि धक्क्यावरून उलट वर चढणारे जवळजवळ सगळे माझ्या दुकानापाशीच बसतात, म्हणून दुसरं बाकडं टाकलं.

आंब्याच्या बागेतून वाट जाते, आंबे चोरतील त्याचं काय?

बागवाल्यांची ही भीती खरी आहे, वर्षभराची कमाई झाडावर लटकत असते. आम्ही मार्च ते मे वाट बागेच्या बाहेरून वळवतो, दहा मिनिटं जास्त लागतात. आणि बागवाल्यानेच वळणावर टेबल टाकून डझनाचा भाव लिहून ठेवलाय. चोरून कच्चा कैरीचा तुकडा खाण्यापेक्षा पिकलेला हापूस कापून मिळाला की लोक मुकाट पैसे देतात, आणि वर पेटीचा पत्ता लिहून देऊन जातात.

वाटेत कुत्री अंगावर येतात का?

येतात, भुंकतात, हातात काठी ठेवा पण उगारू नका, थांबून घरातल्या माणसाला हाक मारा. आमच्या वाडीतला काळा तर प्रत्येक ग्रुपबरोबर धक्क्यापर्यंत जातो आणि एकटाच परत येतो. त्याला पार्ले-जी लागतं. ते माझ्या दुकानात मिळतं.